घोडेस्वारीत मैत्रीची मदत: जोडीने सराव करण्याची पद्धत, पायरीपायरीने

मैदानावर चारजण एकत्र शिकायला आले की बहुतेक वेळा हेच घडतं. एकजण घोड्यावर, तिघं कुंपणाला टेकून. "टाच खाली!" "पाठ सरळ!" "मस्त चाललंय रे!" "आता जरा पळव की!" स्वार आवाजाच्या दिशेने मान वळवतो, मानेमागोमाग खांदा जातो, खांद्यामागोमाग लगामाचा हात. घोडा वर्तुळ सोडून कुंपणाकडे येतो आणि घोडा ऐकत नाही म्हणून बोल लागतो घोड्याला.

सोबत असली की सराव टिकतो. पहाटे साडेपाचला गोव्यातल्या डिचोलीहून किंवा पेडण्याहून निघायचं, तर दुसरं कोणीतरी नाक्यावर वाट पाहतंय हे माहीत असावं लागतं. पण तेवढ्याने मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की होत नाही. सोबत्याने काय पाहिलं, ते कधी सांगितलं आणि कधी तोंड मिटून उभा राहिला, यावर ती सुधारते. पुढचा क्रम आठ-दहा तास शिकून झालेल्यांसाठी आहे, म्हणजे साध्या चालीत घोडा वळवता-थांबवता येतो आणि दुडकी, तबेल्यात सगळे जिला ट्रॉट म्हणतात ती, नुकती सुरू झाली आहे. प्रशिक्षक मैदानावर हजर आहेत हेही गृहीत धरलं आहे. सोबती प्रशिक्षकाच्या जागी येत नाही.

१. जोडी ठरवा

दोघं असणं सगळ्यात बरं, तिघंही चालतील. चौघं असाल तर दोन जोड्या करा. जिवलग मैत्रीणच जोडीदार हवी असं नाही. आठवड्यातून दोनदा वेळेवर येणारी आणि सांगितलेल्या एकाच गोष्टीवर नजर ठेवू शकणारी व्यक्ती हवी.

पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांशी बोलून घ्या: "सर, आम्ही दोघी एकमेकींचं पाहून वहीत टिपणार आहोत. तुम्ही शिकवत असताना बोलणार नाही." जोडीदाराचं म्हणणं आणि प्रशिक्षकांचं म्हणणं वेगळं पडलं तर उतरल्यावर विचारायचं, घोड्यावर बसून वाद घालायचा नाही.

दोघांत एकच घोडा असेल तर त्याच्या कामाची बेरीज करा. तुमचा वीस मिनिटांचा सराव आणि तिचा वीस मिनिटांचा, म्हणजे घोड्याची चाळीस मिनिटं झाली, मध्ये पाच-दहा मिनिटं सावलीत उभं करणं वेगळं. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलोपर्यंत. फोटोसाठी दोघांनी एकाच घोड्यावर बसणं यात कुठेच बसत नाही.

२. महिन्याला एकच उद्दिष्ट, तेही मोजता येईल असं

"दुडकी सुधारायची" हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते साधलं की नाही हे कळायला मार्ग नाही. असं लिहा: "२० मीटरच्या वर्तुळात, डाव्या हाताला, गळपट्टा न धरता ३ फेऱ्या, लय न चुकता." डाव्या हाताला म्हणजे डावीकडे वळत, गळपट्टा म्हणजे घोड्याच्या मानेभोवतीचा पट्टा. एक फेरी सुमारे ६३ मीटरची, म्हणजे तीन फेऱ्यांचं अंतर १९० मीटरच्या आसपास, जेमतेम मिनिटभराचं काम. एवढं लहान वाटलं तरी महिन्याला ते पुरतं.

दोघांची उद्दिष्टं वेगळी ठेवा. ती एकच असली की शर्यत सुरू होते. कँटर म्हणजे दुडकीपुढची, वेगाची चाल. "तिने कँटर सुरू केला, मग मी का नाही?" हा प्रश्न मनात आला की पाय आवळले जातात. आवळलेल्या पायांचा अर्थ घोड्याला एकच कळतो, पळ.

> तपासा: वहीतलं वाक्य वाचून तिसऱ्या माणसाला "झालं" किंवा "नाही झालं" असं ठरवता येतं का? येत नसेल तर पुन्हा लिहा.

३. घोड्याजवळ जाण्याआधी एकमेकांना तपासा

आपलं हेल्मेट आपल्याला दिसत नाही, म्हणून हे काम जोडीदाराचं. कडा भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी. पट्टा न लावता डोकं जोरात हलवलं तर हेल्मेट कपाळाच्या कातडीबरोबर हलावं, तिच्यावरून घसरू नये. मग पट्टा लावून हनुवटीखाली बोट घालून पाहा. स्कूटरचं हेल्मेट चालत नाही: जड असतं, मानेमागे खाली येतं आणि घोड्यावरून पडण्याच्या हिशेबाने बनवलेलं नसतं. घोडेस्वारीच्या हेल्मेटवर आत मानकाचा शिक्का असतो, उदाहरणार्थ एएसटीएम एफ११६३. एकदा डोक्यावर पडून झालेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बाद.

बुटाला दोन-अडीच सेंटिमीटरची टाच हवी, तळ सपाट, नाडी आत खोचलेली. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. त्याहून अरुंद असली तर पडताना पाय अडकतो, फार रुंद असली तर आख्खं पाऊल आरपार जातं. चपला, फ्लोटर, जाड खाचांचे ट्रेकिंगचे बूट घरी ठेवा. ओढणी, लोंबते कानातले आणि कमरेची पाण्याची बाटलीही काढा.

४. पागेत: खरारा ते तंग

दोघांपैकी एकाने दोर धरायचा, दुसऱ्याने काम करायचं. दोर धरणाऱ्याने काम करणाऱ्याच्याच बाजूला उभं राहावं. घोडा बुजला आणि त्याचं तोंड आपल्याकडे ओढलं तर पुठ्ठा (घोड्याचा मागचा भाग) आणि मागचे पाय पलीकडे जातात. दोघं दोन बाजूंना असतील तर तेच पाय काम करणाऱ्याच्या अंगावर येतात. दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही, घडी घालून मुठीत धरायचा.

क्रम असा:

1. डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जवळ जा. कपाळासमोर आणि शेपटीमागे घोड्याला दिसत नाही.
2. खरारा (अंग घासायचा दातेरी ब्रश) गोल गोल, मान ते पुठ्ठा. गुडघ्याखाली खरारा नको, तिथे मऊ ब्रश.
3. खूर टाचेकडून पुढे साफ करा. आपल्याकडच्या तांबड्या मातीतले जांभ्याचे खडे नालेच्या कडेला घट्ट बसतात. खडा राहिला तर घोडा लंगडतो, आणि घोडा आळशी आहे असा स्वाराचा समज होतो.
4. तंग (खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा) बसतो तिथे हात फिरवा. सुकलेला घाम किंवा ओलं कापड राहिलं तर घासून जखम होते. गोचीड पाहायची ती कानात, आयाळीखाली आणि मागच्या पायांच्या मधे.
5. खोगीर जरा पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, मग तंग एक-दोन भोकांपुरता आवळा. पोट फुगवून उभा राहणारा घोडा असतोच. म्हणून तंग तीनदा तपासायचा: आता, चढण्याआधी, आणि पाच मिनिटं चालल्यावर.

पावसाळ्यानंतर एक तपासणी जास्तीची करा. गोव्याच्या दमट हवेत चामड्याला बुरशी धरते. ती पुसली की पट्टा चकचकीत दिसतो, पण शिलाईचा दोरा आत कुजलेला असू शकतो. रिकिबीचा पट्टा आणि तंगाचे पट्टे दुमडून पाहा. दुमडीवर भेगा दिसल्या किंवा दोरा नखाने उचकटला, तर ते सामान सईसमामांच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या, हातात द्या आणि दुसरं मागा.

> सावध: चढताना जोडीदाराने उजव्या खांद्यापाशी उभं राहून उजवी रिकीब खाली दाबून धरावी, म्हणजे खोगीर फिरत नाही. ओटा किंवा ठोकळा असेल तर तोच वापरा. जमिनीवरून चढताना घोड्याच्या पाठीला पीळ पडतो आणि डाव्या रिकिबीचा पट्टा हळूहळू लांबतो.

५. सोप्यावर (ओसरीवर) बसून करायचा लगामाचा सराव

हा सराव बहुतेकजण गाळतात. घोड्याविना, घरी, दहा मिनिटांत होतो.

सुमारे दोन मीटर लांब दोरी घ्या. एकाने खुर्चीवर स्वारासारखं बसून तिची दोन टोकं दोन मुठींत धरायची, अंगठे वर. दुसऱ्याने समोर बसून दोरीचा मधला भाग दोन्ही हातांत धरायचा, तो घोडा. स्वाराने डोळे मिटायचे. "घोड्याने" हात पुढे-मागे हलवत राहायचं, साध्या चालीत घोड्याची मान डुलते तसं. मान पुढे जाते तेव्हा स्वाराचं कोपर उघडायला हवं, मागे येते तेव्हा मिटायला हवं, आणि दोरीवरचा ताण सारखाच राहायला हवा.

घोड्याच्या तोंडातलं कडियाळं (लगामाला जोडलेला लोखंडी तुकडा) कसं लागतं, ते "घोडा" झालेल्याला इथे कळतं. बहुतेक शिकाऊ स्वारांचं मनगट सैल आणि कोपर ताठ असतं, म्हणून दर डुलीला एक लहान झटका बसतो. तो बसला की "घोड्याने" फक्त "लागलं" म्हणायचं. पाच मिनिटांनी जागा बदला. दुडकीत मान जवळजवळ स्थिर असते, तेव्हा हातही स्थिर हवा. कँटरमध्ये दर उडीला एक डुल. हा फरक दोरीवर कळला की घोड्यावर शोधावा लागत नाही.

६. पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं

कुंपणाला टेकून फक्त एक बाजू दिसते, तीही काही क्षण. तीन जागा वापरा, प्रत्येक जागेवरून वेगळी गोष्ट पाहा.

बाजूने, वर्तुळाच्या मध्यातून. २० मीटरच्या वर्तुळात इथून घोडा सतत दहा मीटरवर राहतो. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत आहेत का? टाच पुढे गेली तर स्वार खुर्चीत बसल्यासारखा दिसतो, मागे गेली तर पुढे कलतो. कारण बहुधा रिकिबीच्या लांबीत असतं. आखूड रिकीब गुडघा वर ढकलते आणि बैठक मागे सारते, लांब रिकिबीत पावलाचं टोक ती शोधत राहतं आणि टाच वर येते. घोडा थांबवून एकच भोक बदला, मग दोन फेऱ्या पाहा.

समोरून, घोडा उभा असताना. दोन्ही बुटांचे तळ सारख्या उंचीवर आहेत का? दोन्हीकडे भोकांचा आकडा सारखा आहे म्हणून लांबी सारखी असेलच असं नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे डावा पट्टा ताणलेला असतो. या एका गोष्टीमुळे माणसं महिनोन् महिने वाकडी बसतात आणि "माझी कंबरच तशी आहे" म्हणून सोडून देतात. दोन पट्ट्यांची अदलाबदल करून पाहा.

मागून, निदान पाच मीटर अंतर ठेवून. खोगिराचा मध्य घोड्याच्या कण्यावर आहे का? स्वाराच्या सदऱ्याची मधली शिवण त्याच रेषेत आहे का?

पाहणाऱ्याने मैदानात खाली बसायचं नाही, पळायचं नाही. छत्री उघडायची नाही, प्लॅस्टिकचा रेनकोट झटकायचा नाही. सोबत कुत्रं आणलं असेल तर ते बाहेर बांधून.

७. काय बोलायचं, आणि केव्हा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

चढण्याआधी स्वाराने सांगायचं: "आज फक्त माझी नजर पाहा" किंवा "आज फक्त डावी टाच." पाहणाऱ्याने तेवढंच पाहायचं. बाकी काही चुकताना दिसलं तरी वहीत टिपायचं. घोडा चालत असताना स्वाराच्या डोक्यात एका वेळी एकच सूचना मावते. दुसरी आली की पहिली निसटते.

शब्द आधी ठरवा, दोन किंवा तीन अक्षरी: "टाच", "नजर", "श्वास", "कोपर". "अगं तुझी डावी टाच परत वर येतेय बघ" हे वाक्य संपेपर्यंत घोडा पाव फेरी पुढे गेलेला असतो, आणि स्वार ज्या क्षणासाठी ते ऐकतो तो मागे पडलेला असतो. शब्द सरळ मार्गावर टाका, वळणात नको. वळणात स्वाराचा तोल आधीच कामात असतो.

नकार टाळा. "खाली बघू नको" ऐकलं की स्वार आधी खालीच बघतो. "झाडाकडे बघ" म्हणा, आणि झाड नेमकं दाखवा: "त्या माडाच्या शेंड्याकडे." शेंड्याकडे पाहिलं की हनुवटी उचलली जाते आणि छाती आपोआप उघडते.

आता एक बारीक गोष्ट, जी मराठी बोलणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. कुणाचं चुकलं की आपण हळहळून जीभ टाळूला लावून "च्च्" करतो. घोड्याला पुढे काढण्यासाठी स्वार आणि सईस जवळजवळ हाच आवाज करतात. बाहेरून तुम्ही सहानुभूतीने "च्च्" केलंत की आत घोडा वेग धरतो, आणि ज्याच्यासाठी हळहळलात त्याचीच मांड सुटते. शिट्टी आणि टाळीही तशीच. सरावाच्या वेळी हे तिन्ही आवाज बंद.

कौतुक जरूर करा, पण त्यात नेमकी गोष्ट असू द्या. "मस्त!" ऐकून पुढच्या फेरीत काय टिकवायचं ते कळत नाही. "कोपऱ्यात टाच खालीच राहिली" ऐकलं की कळतं. घोडा थांबल्यावर क्रम हा ठेवा: काय बरोबर झालं ते एक, काय बदलायचं ते एक, मग गप्प. स्वाराने "हो, पण घोडाच" अशी सुरुवात केली तर उत्तर देऊ नका. दम खाऊ द्या.

> तपासा: तास संपल्यावर स्वाराला विचारा, "मी काय सांगितलं?" त्याला तीनपेक्षा जास्त गोष्टी आठवल्या तर तुम्ही जास्त बोललात. एकही आठवली नाही तर चुकीच्या वेळी बोललात.

८. पंचेचाळीस मिनिटांची वाटणी

मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी साडेसहा ते साडेआठ, किंवा दुपारी साडेचारनंतर. पहिली दहा मिनिटं साधी चाल, दोन्ही हातांना. पाचव्या मिनिटाला थांबून तंग. मग पाच मिनिटं चाल-थांब-चाल. मग वीस मिनिटं दुडकी, पण सलग नव्हे: दोन-तीन मिनिटं दुडकी, तेवढीच चाल, दर पाच मिनिटांनी दिशा बदलून. शेवटची दहा मिनिटं लगाम लांब सोडून चाल. घड्याळ पाहणाऱ्याकडे. स्वाराला वेळेचं भान राहत नाही, आणि थकलेला पाय चुकीचं शिकतो.

९. दुडकीतली उठबस जोडीने कशी बसवायची

दुडकीला दोन ठोके असतात, कारण तिरपे पाय जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. शिमग्यात घोडेमोडणीच्या (कमरेला लाकडी घोडा बांधून करायच्या नाचाच्या) ढोलावर पाय धरलेल्यांना हा दोनाचा ठेका अंगात लवकर बसतो. स्वार एका ठोक्याला उठतो, दुसऱ्याला बसतो. वर्तुळात घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचं, मागे येईल तेव्हा बसायचं.

आधी थांबलेल्या घोड्यावर दहा वेळा उठबस. मग चालीत. दोन्ही वेळा एक हात गळपट्ट्यावर किंवा मूठभर आयाळीत. लगामावर तोल धरून उठायचं नाही.

मग दुडकी. पहिल्या पाच फेऱ्या पाहणाऱ्याने मध्यात उभं राहून बाहेरचा खांदा पुढे जाताच "आता, आता, आता" म्हणायचं. स्वाराने खाली न बघता त्यावर उठायचं. पुढच्या पाच फेऱ्यांत उलट: स्वाराने "आता" म्हणायचं, पाहणाऱ्याने फक्त "हो" किंवा "नाही". "नाही" आलं तर एक ठोका जास्त बसून राहायचं, म्हणजे बस-बस-उठ, की ठेका बदलतो. डोळ्यांनी खांदा न पाहता तो बैठकीत जाणवायला लागणं, हे या दहा फेऱ्यांचं काम आहे.

इथे चुका ठरलेल्या असतात. रिकिबीवर पाय रोवून उडी मारल्यासारखं उठलं की टाच वर जाते, पोटरी मागे झुलते आणि घोड्याला दर ठोक्याला टाच लागते. तो वेग वाढवतो, स्वार लगाम ओढतो. उठायचं ते फक्त हाताच्या पंज्याएवढं, आणि वर नव्हे तर पुढे, जणू कंबर दोन मुठींच्या मधे जाते आहे. धपकन बसणं ही दुसरी चूक. घोडा पाठ खाली सोडतो, मान वर करतो, चाल आणखी खडबडीत होते. पाहणाऱ्याने इथे आवाज ऐकावा: खोगिरावर "थप्" ऐकू येत असेल तर दुडकी थांबवून पुन्हा चालीवर या.

१०. फोन

महिन्यातून तीन चित्रफिती पुरेत. फोन आडवा, वर्तुळाबाहेर पंधरा मीटरवर, स्वाराच्या कमरेच्या उंचीवर, वीस सेकंद, दर वेळी त्याच जागेवरून. फ्लॅश नको. पाहायच्या त्या उतरल्यावर, संथ गतीने. घोड्यावर बसलेल्याच्या हातात फोन द्यायचा नाही.

११. एकत्र रपेट

मैदानाबाहेर पडायचं ते प्रशिक्षक किंवा मुरलेला स्वार पुढे असताना. सगळ्यात शांत घोडा पुढे, दुसरा जाणता स्वार सगळ्यात मागे, नवखे मधे. वेग सगळ्यात कच्च्या स्वाराचा.

दोन घोड्यांमधे निदान एका घोड्याची लांबी, म्हणजे अडीच मीटर. मोजायची खूण सोपी: आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. दिसेनासे झाले की फार जवळ आलात. गप्पा मारायला माणसं पुढे सरकतात आणि लाथ बसते ती इथेच. शेपटीला लाल फीत बांधली असेल तर तो घोडा लाथाडणारा, त्याला दुप्पट जागा द्या.

घोडा कळपाचा प्राणी. पुढचे दोघं दुडकीत निघाले की मागचाही निघतो, त्याच्या स्वाराची तयारी असो वा नसो. म्हणून वेग बदलण्याआधी पुढच्याने हात वर करायचा, मागून सगळ्यांचं "तयार" आलं की मगच निघायचं. एकजण रिकीब नीट करायला थांबला तर सगळ्यांनी थांबायचं. कोणी उतरला तर तो पुन्हा चढून बसेपर्यंत कोणीही हलायचं नाही.

शेवाळलेला जांभा आणि डांबर यांवर नाल घसरते, तिथे फक्त साधी चाल. माडाखाली पाडेली नारळ पाडत असेल तर दुसरी वाट धरा. चतुर्थीच्या, नरकासुराच्या रात्री आणि शिमग्याच्या मिरवणुकांच्या वेळी फटाके आणि ढोल असतात, त्या संध्याकाळी रपेट नकोच. परतताना घराकडे तोंड असताना कधीही कँटर करू नका. पागा ओळखलेला घोडा वेग धरतो तो सोडत नाही.

१२. किनाऱ्यावर

"गोव्यात राहून किनाऱ्यावर घोडा नाही पळवला?" असं डिवचणारा मित्र भेटतोच. त्याच्यासाठी वेग वाढवू नका.

भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी पाहा, पाणी उतरत असताना जा. घोडा चालवायचा तो ओल्या, घट्ट वाळूच्या पट्ट्यावर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पायांच्या स्नायुबंधांवर ताण येतो. पहिल्यांदा आलेला घोडा फेसाळ लाटेला पाहून आडवा उडी मारतो, म्हणून त्याला जाणत्या घोड्याच्या जमिनीकडच्या बाजूला ठेवा आणि लाटेकडे बळाने नेऊ नका. दोघांनी शेजारी शेजारी कँटर करणं सगळ्यात धोक्याचं, कारण भाड्याच्या घोड्यांत शर्यतीतून निवृत्त झालेले पुष्कळ असतात, शेजारी खूर वाजले की त्यांना शर्यतच कळते.

मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या वरच्या कोरड्या वाळूत खूर पडू देऊ नका. घरटं वरून दिसत नाही. त्या दिवसांत दुसरा किनारा निवडलेला बरा.

१३. कोणी पडलं, किंवा घाबरलं

पडल्याचं दिसताच सगळे घोडे थांबवा. सुटलेल्या घोड्यामागे कोणी धावायचं नाही, तो बाकीच्यांपाशी परत येतो. एकाने पडलेल्याजवळ जायचं आणि उठवायचं नाही. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील तर हलवू नका, हेल्मेट काढू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार बसला असेल, ओकारी, गरगर, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं असं काही दिसलं, तर त्या दिवशी घोडा बंद आणि दवाखाना सुरू. "लगेच परत बस, नाहीतर भीती बसेल" हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण डोक्याच्या दुखापतीत तो घातक आहे.

भीती बसली असेल तर "काही होत नाही गं" म्हणू नका, कारण तिला काहीतरी झालेलं आहे. विचारा, "दहापैकी किती?" सहाच्या वर आकडा आला की एक पायरी मागे: कँटरमधून दुडकीवर, दुडकीतून चालीवर, चालीतून नुसतं दोर धरून घोडा फिरवण्यावर. तीनच्या आसपास आकडा आला की पुढची पायरी. आकडा तिने सांगायचा, तुम्ही अंदाज करायचा नाही.

१४. उतरल्यावर

दोन्ही पाय रिकिबीतून काढून मगच उतरा, रिकिबी वर सरकवा, तंग सैल करा. सावलीत नेऊन पाणी दाखवा. गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून अंगावर गार पाणी ओता, पट्टीने निथळा, पुन्हा ओता. श्वास मोजायला कुशीची हालचाल पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. आराम करणाऱ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो. सावली आणि पाणी मिळून वीस मिनिटं झाली तरी श्वास भराभर चालत असेल तर प्रशिक्षकांना सांगा, पशुवैद्याला बोलवा. किनाऱ्यावरून आला असाल तर पाय, पोट, तंगाची जागा गोड्या पाण्याने धुवा. कडियाळं आणि बकलंसुद्धा, नाहीतर मीठ चामडं आणि लोखंड दोन्ही खातं.

मग वही. आधी स्वाराने स्वतःच्या सरावाबद्दल दोन ओळी लिहायच्या, नंतर पाहणाऱ्याने दोन. दोघांचं जुळलं नाही तर चित्रफीत काढून पाहा. पुढचा वार आणि वेळ त्याच पानावर लिहा, मग गाडीला किक मारा.